कोपऱ्यापासून औट हात

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि मला पावलांची भीती वाटते. हसू नका, मित्रांनो. माझी हकीकत ऐकलीत की तुम्हालाही वाटेल.

माझं तारुण्य भोरच्या बाजारपेठेत गेलं. लियाकतभाई घड्याळजींच्या टेबलावर मी असे. पोटात काटे, चाव्या, बारीक स्क्रू. काम करता करता लियाकतभाई शाळेत पाठ केलेले पाढे पुटपुटत. पावकी, निमकी, औटकी. "बे औट सात, त्रिक औट साडेदहा." औट म्हणजे साडेतीन, हे मी पत्र्याचा असूनही शिकलो. "भाईंच्या डब्यातून एक स्क्रू हरवायचा नाही," असं लोक म्हणत, तेव्हा मला फार बरं वाटे.

पुढे घड्याळं दुरुस्तीला येईनाशी झाली आणि मी फळीवर धूळ खात पडलो. २००४ साली भाईंची पुतणी फौजिया नेटकॅफेत कामाला लागली. तिने चाचांना एक नवा खेळ सांगितला. डबा कुठेतरी लपवायचा, त्याची जागा कोड्यात गुंफून इंटरनेटवर टाकायची. ज्याला कोडं सुटेल त्याने जीपीएसचं यंत्र घेऊन यायचं, डब्यातल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथे ठेवून जायचं. भाई हरखून गेले. त्यांनी मला हिरवा रंग दिला आणि पासली गावाच्या वर, घाटाच्या तोंडाशी एक पडकी चौकी आहे, तिच्या कठड्याच्या आतल्या अंगाला एका दगडामागे बसवलं.

त्यांच्या कोड्याचं नाव होतं 'पासलीच्या सात एसट्या'. खाली सात गाड्यांचं वेळापत्रक. मित्रांनो, असं कोडं हाती आलं तर आधी त्याचं नाव नीट वाचा. मग त्यात खोटं काय ते शोधा. पासलीला दिवसात सात गाड्या? तिथे एक चुकली तर माणूस मुकाट्याने चालू लागतो! म्हणजे गाड्या खोट्या, कामाची फक्त मिनिटं. ती ओळीने लिहिली की जागेचे अक्षांश-रेखांश मिळत. पण यंत्र दहा पावलं इकडेतिकडे दाखवतं, म्हणून भाईंनी शेवटी एक खूण दिली होती: 'चौकीचा कठडा. कोपऱ्यापासून औट हात, दगडामागे.'

नेटकॅफेत मराठी अक्षरं उमटत नव्हती. फौजियाने सगळं इंग्रजी अक्षरांत लिहिलं. औट हा शब्द तिने कधी ऐकलेला नव्हता, तिने आपला ओळखीचा 'आऊट' लिहिला आणि स्वल्पविरामही त्याच्यापुढेच दिला. भाईंनी छापील कागद न वाचताच घडी घालून माझ्या पोटात ठेवला.

मी तो वाचला आणि माझं अंग गार पडलं. कोपऱ्यापासून आऊट, हात दगडामागे. कठड्याच्या बाहेर काय आहे, ठाऊक आहे? कोकण. सरळ खाली.

त्या दिवसापासून मी देवाला एकच मागत होतो, कोडं कुणाला सुटू नये. पावसाळाभर कुणी आलं नाही. दिवाळीनंतर एका सकाळी दगडांच्या फटीतून मला बूट दिसले. पुण्याची शेफाली होती. भाऊ खाली गाडीचं पंक्चर काढत थांबला होता आणि ती एकटीच वर आली होती. तिने आधी आतल्या बाजूचे चार दगड हलवून पाहिले. माझ्यापासून वीतभर अंतरावर तिचा हात थांबला. थोडं पुढे, बाई, थोडं पुढे! पण तिने इंटरनेटवरून छापून आणलेला कागद काढला आणि मोठ्याने वाचलं, "आऊट... म्हणजे बाहेरून."

तिने कोपऱ्यावर पाय ठेवला. तो दगड पावसात सुटा झाला होता. मला त्याची कुरकुर ऐकू येत होती. तिचा एक पाय पलीकडे गेला. मला ओरडता येत नव्हतं. डब्याला तोंड असतं, आवाज नसतो. एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"ए पोरी! कुठं निगालीस?"

गवत कापणारे सोनबा विळा टाकून धावत आले होते.

"आजोबा, इथे एक डबा आहे. बाहेरच्या बाजूला."

"कुणी सांगितलं भाईर हाय म्हून?"

"कागदावर लिहिलंय. कोपऱ्यापासून आऊट, हात दगडामागे."

सोनबा दमाने म्हणाले, "आदी पाय आत घे. घेतलास? आता परत वाच."

तिने वाचलं. सोनबांनी कपाळावर हात मारला.

"अगं, आऊट न्हाई, औट! औट हात. साडेतीन हात. आमच्या मास्तरांनी औटकी छडीवर पाठ करून घेतलीया."

त्यांनी कोपऱ्यापासून आतल्या बाजूने कोपर टेकत मोजलं. एक, दोन, तीन आणि वर एक वीत. दगड निघाला आणि माझ्यावर ऊन पडलं. शेफाली मला मांडीवर घेऊन बसली. तेवढ्यात कोपऱ्यावरचा तो दगड आपोआप सुटला आणि पलीकडे गेला. तो खाली पडल्याचा आवाज फार उशिरा आला.

आठवड्याने लियाकतभाई आले. वहीतलं तिचं पानभर लिहिलेलं त्यांनी दोनदा वाचलं. "या अल्ला, म्या वाचलं असतं तर..." एवढंच म्हणाले. मग जुना कागद फाडून, इंटरनेटवरही हेच टाकायचं म्हणत, त्यांनी नव्यावर लिहिलं: साडेतीन हात, आतल्या बाजूने. बाहेर जाऊ नका.

मित्रांनो, कोडं घालणाऱ्याने ते परक्याच्या डोळ्यांनी एकदा वाचावं. सोडवणाऱ्याने पाय टाकण्याआधी तिथल्या माणसाला विचारावं. विचारण्यात हार नसते. माझा रंग आता उडाला आहे, बिजागरी गंजली आहे, फारसं कुणी येत नाही. तरी पावलं वाजली की मी आधी एवढंच ऐकतो, ती कठड्याच्या कोणत्या बाजूला आहेत.