पुस्तकांच्या टिकल्या

“औषधानं वेलीच्या, माझी बोटं गं पिवळी
लेकीच्या पुस्तकाची, पानं राहू दे कवळी”

द्राक्षाच्या मांडवाखाली विरळणी करताना आई हे म्हणायची आणि म्हणता म्हणता मध्येच ओरडायची, “सुवर्णे! आदी हात धू! तसल्या हातानं पुस्तकाला शिवलीस तर बघ!” दिंडोरीकडचा तो आवाज सुवर्णाच्या अंगात इतका मुरला होता, की अजूनही पुस्तक उघडण्याआधी तिचा हात आपोआप ओढणीला पुसला जायचा.

म्हणूनच असेल, पेठ रोडवरच्या मुलींच्या शाळेत प्रॅक्टिकलला आल्यावर तिनं सगळ्यात आधी साफसफाईच काढली. द्राक्षांच्या पॅकहाउसमधली नोकरी सोडून, लेकाला सासूबाईंच्या गळ्यात घालून ती ग्रंथपाल होण्यासाठी एम.लिब. करत होती. लेखी पेपर झाले होते. आता शाळेच्या ग्रंथालयातलं काम उरलं होतं, आणि शेवटी कॉलेजचे सर येऊन तिचा एक तास बघणार होते. हिच्या हातून मुलींच्या हातात पुस्तक जातं का, एवढंच. तो तास फसला की वर्ष गेलं.

शाळेच्या ग्रंथपाल मनीषाबाई कमी बोलणाऱ्या होत्या. फिकी सुती साडी, मोकळं कपाळ, नाकावर घसरलेला चष्मा. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, “कपाटं उघडीच असतात. तू आठवडाभर कशाला हात लावू नको. मुली काय करतात ते नुसतं बघ.” आणि त्या निवडणुकीच्या कामावर निघून गेल्या.

नुसतं बघणं सुवर्णाला कुठलं जमायला! तिनं रॅक पुसले, कसर झटकली, पुस्तकं क्रमांकानं लावली. तेव्हा तिला दिसलं, की कितीतरी पुस्तकांच्या शेवटी, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला टिकल्या चिकटवल्यात. कुठे एक, कुठे दाटीवाटीनं पुष्कळ. लाल, मरून, चमकीच्या. हॉस्टेलच्या पोरींचा चावटपणा, दुसरं काय! जतनाच्या पेपरात शिकवलं होतं तसं तिनं कापूस घेतला, स्पिरिट घेतलं, एकेक टिकली अलगद सोडवली, गोंदाचा डागही राहू दिला नाही. काम इतकं सुरेख झालं की तिनं कॉलेजच्या ग्रुपवर फोटो टाकले.

मनीषाबाई परत आल्या. एक पुस्तक त्यांनी मागून उघडलं. कोऱ्या पुठ्ठ्यावर अंगठा फिरवला.

“स्वच्छ झालं,” एवढंच म्हणाल्या आणि खुर्चीत जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी आठवीचा ग्रंथालयाचा तास होता. पोरी धावत आल्या. एकीनं पुस्तक मागून उघडलं, मिटलं, ठेवलं. दुसरीनंही तेच केलं. मग साऱ्याच रॅकपाशी नुसत्या फिरायला लागल्या, बाजारात नेहमीची भाजीवाली न दिसल्यासारख्या.

“मॅडम,” सुरगाण्याकडची वैष्णवी शेवटी म्हणाली, “आता कळायचं कसं?”

“काय कळायचं?”

“कोणतं चांगलंय ते! आवडलं की आम्ही टिकली लावतो ना. जास्त टिकल्या असल्या की नेतो. आमच्या आधीच्या तायांनी सुरू केलं म्हणे.”

“तर काय!” मागून अंजली हसत ओरडली. “ह्या मॅडमनी सगळ्या पुस्तकांची कपाळं पुसली!”

पोरी खो-खो हसल्या. मग एकीची नजर कोपऱ्यातल्या मनीषाबाईंकडे गेली, त्यांच्या मोकळ्या कपाळाकडे गेली, आणि हसू जागच्या जागी विझलं. अंजलीनं जीभ चावली. बाई हातातलं पुस्तक वाचतच राहिल्या. पान मात्र उलटलं नाही.

त्या दिवशी एकही पुस्तक गेलं नाही.

घरी सुवर्णाला एका जागी बसवेना. ओट्यावरून खिडकीपाशी, खिडकीतून पुन्हा ओट्याशी.

“अगं, टेक की जरा,” तिचा नवरा शेखर म्हणाला. “भोवऱ्यासारखी काय गरगरतेस? तुला बघून मलाच चक्कर आली.”

“सर येणारेत शुक्रवारी. आणि मी टिकल्या काढल्यापासून पोरी हात लावत नाहीत पुस्तकाला.”

“मग लाव की तूच टिकल्या. कोण बघतंय?”

तिनं खरंच रविवार कारंज्याच्या बाजारातून दोन पाकिटं आणली. सकाळी मनीषाबाईंसमोर ठेवली. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

“इथल्या पुस्तकांतलं काय काय वाचलंस तू?”

सुवर्णाला प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक सांगता आला असता. आत काय आहे, ते एकाचंही नाही.

“न वाचता लावशील?” बाईंनी पाकिटं परत तिच्याकडे सरकवली.

तेव्हापासून ती वाचत सुटली. सिटी बसमध्ये, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये, लेकाला झोपवताना. जीव थाऱ्यावर नसायचा, ओळी निसटायच्या, पुन्हा मागे जायची. आणि मग एक पुस्तक असं लागलं, की बसचा स्टॉप मागे पडला तरी तिला कळलं नाही.

शुक्रवारी सर मागच्या बाकावर पेन उघडून बसले. पोरी पुन्हा रॅकपाशी नुसत्याच घुटमळू लागल्या. पाठ केलेलं सगळं सोडून तिनं ते पुस्तक उंच धरलं.

“हे मी वाचलं. बसमध्ये. स्टॉप चुकला आणि उन्हातून चालत आले, तरी चालताना याच्यातलाच तो खोटारडा पोस्टमन आठवून हसत होते.”

पोरी जवळ आल्या. वैष्णवीनं पुस्तक मागून उघडलं. आत एकच टिकली होती, नवी कोरी.

“एकीचं काय खरं, मॅडम?” ती म्हणाली. “तुमचे तर सर आलेत. तुम्ही म्हणणारच. अजून कोणीतरी म्हणायला पाहिजे.”

सरांनी काहीतरी लिहिलं.

कोपऱ्यात खुर्ची सरकली. मनीषाबाई उठून आल्या, वैष्णवीच्या हातातलं पुस्तक त्यांनी घेतलं आणि उलटसुलट केलं.

“दुसरी टिकली माझी,” त्या म्हणाल्या. “चांगलंय. शेवटी रडू येतं, पण चांगलंय.”

“बाई, तुम्ही?” अंजली हळूच म्हणाली. त्या दिवसापासून ती बाईंसमोर आलीच नव्हती. “तुम्ही कशाला टिकली…”

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पुस्तक तिच्याच हातात दिलं. पोरींचा घोळका अंजलीभोवती जमला, चार हात एकदम पुस्तकाला लागले.

“हे सुरू करणाऱ्या आधीच्या ताया नव्हत्या गं,” मनीषाबाई सुवर्णाला म्हणाल्या. “पहिली टिकली माझी. आमचे हे गेले तेव्हा पर्समध्ये नवं पाकीट होतं. लावायची सोय नव्हती, टाकवत नव्हतं. आणि एक पुस्तक वाचलं, इतकं आवडलं… घरी सांगायला कुणी उरलं नव्हतं. म्हणून तिथंच लावली.”