चार मिलिमीटरने आखूड

माझ्या चार पायांपैकी एक पाय बाकीच्या तिन्हींपेक्षा चार मिलिमीटरने आखूड आहे. हे माप माझे नाही. गेल्या नोव्हेंबरात, मधल्या सुट्टीत, विज्ञानाच्या योगिनीबाईंनी मला वऱ्हांड्यात उलटे केले, स्टीलची पट्टी लावली आणि चारही पाय दोनदा मोजले. मग त्या आखूड पायाच्या टोकावरून अंगठा फिरवला. टोक तुटलेले नव्हते. गुळगुळीत झिजलेले होते.

मित्रांनो, मी एक जुने स्टूल आहे. हैदराबादेत, जामबागेच्या बाजूला एक मराठी शाळा आहे. तिथल्या सहावीच्या वर्गाच्या दाराशी माझी जागा आहे.

मला घडवले ते मात्र या दारासाठी नव्हे. पन्नासहून अधिक वर्षे झाली. शाळेत विज्ञानाची प्रयोगशाळा उभी राहत होती. सुताराने सागाच्या लाकडाची बारा स्टुले केली आणि प्रत्येकाच्या बैठकीला एका कोपऱ्यात बोटे अडकवायला खाच ठेवली. त्या वेळच्या विज्ञानाच्या सरांनी आम्हा प्रत्येकावर काठोकाठ भरलेले चंचुपात्र ठेवून पाहिले. माझ्यावरचे पाणी हलले नाही. “हे सूक्ष्मदर्शकापाशी ठेवा,” सर म्हणाले. पुढे कित्येक वर्षे मुले माझ्यावर बसून, एक डोळा मिटून, कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी बघत. पहिल्यांदा पेशी दिसली की मूल श्वास रोखते. ते वजन मला अजून आठवते.

मग प्रयोगशाळेचे अर्धे दालन संगणकांना गेले. माझी अकरा भावंडे कुठे गेली, मला ठाऊक नाही. मी सहावीच्या वर्गात आले आणि एक रिवाज सुरू झाला. कोणी फार दंगा केला की बाई म्हणायच्या, “स्टूल घे.” त्या मुलाने मला खाचेत बोटे घालून, तिरपे करून, शहाबादी फरशीवरून खर्र आवाज करत बाहेर ओढायचे आणि तास संपेपर्यंत वऱ्हांड्यात बसायचे. खाच एकाच कोपऱ्यात असल्यामुळे सगळे मला एकाच पायावर ओढत. चार मिलिमीटर साग असाच गेला. किती मुले लागली असतील, हिशेब तुम्ही करा.

तर आता शर्वरीची गोष्ट.

ती मागच्या जूनमध्ये शाळेत आली. पाचवीपर्यंत ती बरकतपुऱ्यातल्या दुसऱ्या एका शाळेत होती. तिथे इंग्रजी आणि तेलुगू शिकवत. तिचे आजोबा दत्तोबा यांचे सुलतान बाजारात कापडाचे दुकान. ते स्वतः याच शाळेत शिकलेले. नातीने आपल्याच शाळेत शिकावे असा त्यांनी हट्ट धरला. मुख्याध्यापिका पद्मावतीबाईंनी शर्वरीला तोंडी प्रश्न विचारले. तिने खणखणीत मराठीत उत्तरे दिली, वर एक विनोद सांगून बाईंना हसवले. मराठी घरातली मुलगी, इतके छान बोलते. प्रवेश झाला.

महिन्याभरात ती माझ्यावर बसू लागली. कधी डब्याचे झाकण बाकांमधून गडगडत सोडी. कधी कोटीच्या चौकातल्या बसचा हॉर्न इतका हुबेहूब काढी की खिडकीतले कबूतर उडून जाई. वर्ग हसून लोळायचा.

“चलो, स्टूलराणीची सवारी निघाली!” मंदार ओरडायचा.

“तू पण ये ना,” ती म्हणायची. “मागं धरून चाल, राणीचा पट्टेवाला.”

आणि मला ओढत बाहेर यायची. शाळेतल्या आया सुशीलाबाई झाडता झाडता थांबायच्या. “फिरून आली का गं? ह्या स्टुलावर तुझं नाव रंगवून घेते बघ.”

“नक्को सुशीलाबाई. नाव कायकू? सगळे ओळखतेत मला.”

पण सुशीलाबाई पुढे गेल्या की ती हसत नसे. दोन्ही तळवे बैठकीखाली घालून ती बसे आणि आत कोण वाचते आहे ते ऐकत राही. तास संपला की सगळा धडा तिला जवळजवळ पाठ असे. ती तो ओठांतल्या ओठांत म्हणायची. माझ्याशिवाय कोणी ते पाहिले नव्हते.

योगिनीबाई सहावीच्या वर्गशिक्षिका. पुण्याच्या. यजमानांची नोकरी इकडे आली म्हणून तीन वर्षांपूर्वी आल्या. विज्ञान शिकवतात, मोजके बोलतात. एक्केचाळीस मुलांच्या वर्गात एक मूल दंगा करू लागले की बाकीच्या चाळिसांचा तास बुडतो, हे त्यांना कळत होते. म्हणून त्याही म्हणत, “स्टूल घे.” पण सवयीने त्या एका लहान वहीत नोंद ठेवत. वार, वेळ, धडा आणि शेवटी एक रकाना: त्या क्षणी कोण वाचत होते.

या शाळेत धडा पाळीने वाचतात. खिडकीकडच्या पहिल्या बाकापासून सुरुवात, प्रत्येकाने एक परिच्छेद वाचायचा. शर्वरीच्या बारा नोंदी झाल्यावर बाईंनी वही उघडली. बारापैकी अकरा वेळा दंगा सुरू झाला, तेव्हा पाळी शर्वरीपासून दोन बाकांवर आली होती. बाराव्या वेळी तिने मंदारला खरोखरच मारले होते.

त्याच दिवशी बाईंनी माझे पाय मोजले. मग त्यांनी शर्वरीला वऱ्हांड्यात बोलावले आणि माझ्यावर बसवले. हातात काचेची बरणी होती, आत निळे खडे. बरणीवर मराठीत चिठ्ठी डकवली होती.

“काय लिहिलंय गं?”

शर्वरीने बरणी उन्हात धरली. “बाई, अक्षर लई खराब आहे कुणाचं तरी.”

“माझं आहे.”

माझ्यावर ती डुलत होती. आखूड पाय फरशीवर टक् टक् वाजत होता. मग तो थांबला.

“तेलुगूत लिवा, बाई, वाचते. इंग्लिशमध्ये लिवा, वाचते. हे... हे मला कुणी शिकवलंच नाही.”

“आणि परीक्षेत?”

“आकृत्या काढते ना. आकृत्या बरोबर असतेत माझ्या.”

त्या खरोखरच बरोबर असत. बाकीचा पेपर कोरा. सगळ्यांना वाटले होते, पोरगी हट्टी आहे. मराठी घरातल्या मुलीला मराठी अक्षर येत नसेल, असे शाळेत एकाही माणसाच्या मनात आले नव्हते.

“आजोबांना बोलायचं नाही, बाई. शपथ आहे,” ती म्हणाली. “दंगा करते म्हणून ओरडतेत, ते चालते. हे कळलं तर ते कुणासमोर बोलणारच नाहीत. मीच सांगते. संक्रांतीनंतर सांगते.”

बाईंनी मान हलवली. “उद्यापासून मधल्या सुट्टीत ये. मी शिकवते.”

मित्रांनो, त्यानंतरचे चार दिवस माझ्या म्हातारपणातले सगळ्यात चांगले दिवस होते. ती माझ्यावर बसायची, बाई पायरीवर. पाटीवर क, ख, ग. चौथ्या दिवशी ती ‘ठ’पर्यंत पोचली आणि तिने स्वतः ‘काठ’ हा शब्द वाचला. वाचताना तिने श्वास रोखला होता.

पाचव्या दिवशी बाई आल्या नाहीत. डिसेंबरात शाळेची तपासणी होती आणि सगळे तक्ते नव्याने करायचे होते. मग सहामाहीचे पेपर तपासायचे होते. मग विज्ञान प्रदर्शन. शर्वरी दोन सुट्ट्या माझ्यापाशी उभी राहिली, तिसऱ्या सुट्टीत मैदानावर गेली. संक्रांत येऊन गेली. तिने आजोबांना काही सांगितले नाही. “परीक्षेनंतर सांगते, बाई,” ती म्हणाली, आणि बाईंनी “बरं” म्हटले.

वर्गात पाळी दोन बाकांवर आली की झाकण गडगडायचे. बाई तिच्याकडे बघायच्या, ती बाईंकडे बघायची. “स्टूल घे.” ती मला ओढत बाहेर यायची आणि आत धडा शांतपणे पुढे जायचा. कारण आता दोघींना माहीत होते. दोघींनाही ते सोयीचे होते. मी लाकूड आहे, पण त्या दिवसांत मला ओढले जायची लाज वाटे.

फेब्रुवारीत पद्मावतीबाई तास बघायला मागच्या बाकावर येऊन बसल्या. त्यांच्यासमोर योगिनीबाईंना कोणाला बाहेर पाठवता येईना. टेबलावर निळ्या द्रावणाचा काचेचा पेला होता. पाळी चालू झाली. झाकण गडगडले. या वेळी “स्टूल घे” कोणी म्हटले नाही. बसचा हॉर्न वाजला. “शांत,” एवढेच योगिनीबाई म्हणाल्या. मग मागून पद्मावतीबाईंचा आवाज आला, “पुढची मुलगी कोण? शर्वरी ना? पुढे येऊन वाच.”

शर्वरी पुस्तक घेऊन टेबलापाशी आली. तिने पुस्तकाकडे पाहिले. मग कोपराने पेला ढकलला.

काच फुटली. पहिल्या बाकावरच्या श्रुतीच्या पायाला तुकडा लागला, रक्त आले. आरडाओरडा झाला. शर्वरी हसली. भीतीने काही मुलांना असे हसू येते, पण ते तसे दिसत नाही. मग कोणी न सांगताच ती दाराशी आली, मला खाचेत धरले आणि बाहेर ओढून नेले.

श्रुतीच्या पायाला दोन टाके पडले. तिचे आईवडील शाळेत आले, आणि त्यांचे रागावणे योग्यच होते. तीन दिवसांनी दत्तोबांना बोलावणे गेले.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू अशी गोष्ट संपवताना मुलांकडे काही मागतात. मी आताच मागून घेते, कारण यापुढचे बोलणे माझे नाही. मला नवा पाय बसवू नका. मला प्रयोगशाळेच्या खोलीत परत नेऊन ठेवा, आखूड पायाखाली पुठ्ठा घाला आणि माझ्यावर बसून काहीतरी निरखून पाहा. आणि तुमच्या वर्गात कोणी रोज दंगा करत असेल, तर हसण्याआधी एकदा बघा, तो दंगा नेमका केव्हा सुरू होतो.

दत्तोबा सकाळी आले. सत्तरीचे गृहस्थ, गुडघे दुखरे. शर्वरी त्यांचा हात धरून होती. वऱ्हांड्यात मी एकटेच होते, ते माझ्यावर बसले, बोटे खाचेत गेली आणि ते लगेच हसले.

“अरे! हे तर आमच्या प्रयोगशाळेतलं. ही खाच बघ. ह्याच्यावर बसून मी कांद्याचा पापुद्रा पाह्यला, बेटा.”

पद्मावतीबाई कागद घेऊन बाहेर आल्या. मागे योगिनीबाई.

“उठू नका दत्तोबा, बसा. कसं सांगू? आम्ही मुलीला काढत नाही. पण तुम्हीच दाखला मागितलात तर तिच्यासाठी बरं. अर्ज तयार आहे. खाली योगिनीबाईंचा शेरा, इथे तुमची सही. दुसऱ्या शाळेत तिच्या नावाला बट्टा लागणार नाही.”

दत्तोबांनी पागोट्यासारखा गुंडाळलेला रुमाल मांडीवर ठेवला. “पोरगी खोडकर आहे, मान्य. त्या लेकराच्या पायाला लागलं, मी त्यांच्या घरी जाऊन हात जोडून आलो. पण बाई, वाचनात तरी ही एक नंबर आहे की नाही? माझे डोळे गेले. रोज सकाळी पेपर हीच वाचून दाखवते. परवा काय मजेची बातमी! कोटीच्या बसस्टॉपवर माकडानं कंडक्टरची शिट्टी पळवली, अन् शिट्टी वाजवून बस सोडली. मी दुकानात सगळ्यांना सांगितली.”

योगिनीबाईंनी शर्वरीकडे पाहिले. शर्वरी फरशीकडे पाहत होती.

“ठीक आहे,” दत्तोबा म्हणाले. त्यांनी कागद नातीपुढे धरला. “वाच बेटा, काय लिहिलंय. मग करतो सही.”

शर्वरीने कागद घेतला. या वेळी तिला बाहेर कुठे पाठवणार? ती बाहेरच उभी होती. तिने कागद उलटा केला, परत सुलटा केला.

“मी वाचते, द्या,” पद्मावतीबाई म्हणाल्या.

“थांबा बाई,” योगिनीबाई म्हणाल्या. आवाज हळू होता. “मी शेरा लिहिणार नाही. तेवीस वेळा मी हिला ह्या स्टुलावर बसवलं. ती वर्गातून सुटायला बघत होती आणि तेवीस वेळा मी तिला सोडलं. का, ते मला नोव्हेंबरपासून माहीत आहे. चार दिवस शिकवलं आणि मला वेळ नाही म्हणून थांबले. श्रुतीच्या पायाला लागलं त्यात माझाही वाटा आहे. पुढे काय करायचं ते मी लिहून देते. पण कारण मी सांगणार नाही. ते सांगायचा हक्क हिचा आहे.”

दत्तोबांना काही उमगले नाही. ते एकदा बाईंच्या आवाजाकडे, एकदा नातीकडे तोंड वळवत राहिले. त्यांच्या हलण्याने माझा आखूड पाय टक् टक् वाजला.

शर्वरीने कागदाची घडी घातली. मग ती पुढे आली आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. पाय वाजायचा थांबला.

“आजोबा,” ती म्हणाली, “ती माकडाची बातमी पेपरात नव्हती. एक पण नव्हती. मला मराठी वाचायला येत नाही.”