मानाचा मुक्काम

लेकीच्या गावाला जायचं आणि लॉजवर उतरायचं, ही गोष्ट प्रतिभाबाईंच्या डोक्यात शिरायलाच तयार नव्हती. शिरली तेव्हा मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

मखमलाबादच्या मळ्यात रविवारी दुपारी त्या नवऱ्यासोबत, खंडेरावांसोबत, गुलाबाच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. तेवढ्यात मोबाईल वाजला. त्यांची एकुलती एक लेक हर्षाली सहा वर्षं जर्मनीत, रेगेन्सबुर्ग नावाच्या जुन्या शहरात नोकरीला होती. तिथल्याच लुकासशी तिनं लग्न केलं होतं आणि चार महिन्यांपूर्वी तिला मुलगी झाली होती. नातीला बघायला हे दोघं पुढच्या आठवड्यात निघणार होते. व्हिसा आला होता, तिकिटं निघाली होती. आणि आज लेकीनं तीन हॉटेलांचे फोटो धाडून खाली लिहिलं होतं, 'आई, बाबा, वीस दिवस कुठं राहायला आवडेल ते सांगा.'

खंडेरावांनी चष्मा चढवला आणि फोटो लांब धरून बघायला लागले. पहिलं हॉटेल मोठ्या चर्चच्या समोर, सहाशे वर्षांच्या इमारतीत. दुसरं नदीकाठी, खिडकीतून दगडी पूल दिसणारं. तिसरं स्टेशनजवळ, लिफ्टवालं.

"चर्चच्या समोर नको," ते म्हणाले. "पहाटेपासून घंटा वाजवत असतील. आन जिना लय अरुंद दिसतो."

"जिना काय बघता!" प्रतिभाबाई कडाडल्या. "लेक आपल्याला लॉजवर टाकती हाय, अन् तुम्ही जिना बघता?"

"तिचं घर बारकं असंल."

"तीन खोल्या हायेत. मी फोनवर बघितल्यात. एका खोलीत तर नुसती सायकल ठेवलीय. सायकलीला जागा हाय तिच्याकडं, आईला नाय!"

महिनाभर त्यांचा जीव नातीकडे जाण्यात अडकला होता. डिंकाचे लाडू झाले होते. जुन्या सुती लुगड्यांची दुपटी शिवून, धुऊन, उन्हात वाळवून बॅगेत गेली होती. नातीला पायांवर घेऊन तेल चोळायचं, अंघोळ घालायची, रात्री रडली की उठून खांद्यावर टाकायची, हे सगळं त्यांनी मनात शंभरदा करून ठेवलं होतं. आणि आता काय, पाहुण्यासारखं दहा वाजता बेल दाबायची, कॉफी प्यायची आणि संध्याकाळी लॉजवर परत? हे सगळं त्या गोऱ्या जावयाचं डोकं, दुसऱ्या कुणाचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्यांनी खंडेरावांच्या हातातून मोबाईल ओढून घेतला आणि व्हिडिओ कॉल लावला.

पलीकडे हर्षाली दिसली. शेजारी लुकास, खांद्यावर बाळ. "नमस्कार, आई!" तो तोंडभरून हसला. त्याचं मराठी तेवढ्यावरच संपत होतं.

"नमस्कार राहू दे," प्रतिभाबाई म्हणाल्या. "हर्षे, खरं सांग. आम्ही घरात नको, हे कुणी ठरवलं? यानंच ना?"

"हॉटेलं त्यानंच शोधलीत," हर्षाली म्हणाली. "तिन्ही ठिकाणी स्वतः जाऊन आला. बाबांची मऊ गादीवर कंबर धरते म्हणून प्रत्येक पलंगावर आडवा पडून बघितलं त्यानं."

"पण कशाला? मागितलं कुणी?"

हर्षाली हळू आवाजात म्हणाली, "आपल्यात रीत आहे ना, आई."

"कसली रीत?"

"पहिल्यांदा येणाऱ्या सोयऱ्याला घरात ठेवत नाहीत. बाहेर चांगल्या हॉटेलात उतरवतात. मान म्हणून."

"असली कुठली रीत? कोण बोललं तुला?"

"मीच बोलले त्याला. चार वर्षांपूर्वी. नाशिकरोडच्या त्या हॉटेलात."

ते हॉटेल प्रतिभाबाईंच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं.

चार वर्षांपूर्वी लेक नव्या नवऱ्याला घेऊन पहिल्यांदा माहेरी आली होती. घरी खंडोबाचं जागरण होतं, सगळी भावकी जमणार होती. गोरा जावई बघून भाऊबंद काय म्हणतील, या धाकानं खंडेरावांनी दोघांना परस्पर नाशिकरोडच्या हॉटेलात नेऊन सोडलं. घरात गर्दी आहे, पाहुण्याला सवय नाही, असं काहीबाही सांगितलं. अकरा दिवस. जागरणाला एकट्या हर्षालीला बोलावलं आणि जावई मात्र हॉटेलातल्या खोलीत बसून राहिला. आणि प्रतिभाबाईंनी काय केलं होतं? पुरणपोळीचा डबा भरून पाठवला होता. एक शब्द नवऱ्याला बोलल्या नव्हत्या. हे आठवलं आणि त्यांना स्वतःचाच असा संताप आला, की समोरची जुडी उचलून भिंतीवर आपटावीशी वाटली.

"मला रोज विचारायचा," हर्षाली सांगत होती, "आपण घरी का नाही राहत? माझं काही चुकलं का? काय सांगू त्याला? बाबांना तुझी लाज वाटते, असं सांगू?"

"आता सांग," प्रतिभाबाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता सांग. अशी रीत नाय, आम्ही माती खाल्ली म्हणावं."

"नाही सांगणार."

"का?"

"त्याला बाबा आवडतात, आई."

लुकास तिकडे हसत बाळाची पाठ थोपटत होता. त्याला यातलं काही कळत नव्हतं. खंडेरावांना सगळं कळलं होतं. जुडीचा दोरा त्यांच्या बोटांत तसाच राहिला होता. आता हा माणूस काहीतरी बोलेल, दोन शब्द चुकलो म्हणेल, म्हणून प्रतिभाबाई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. खंडेरावांनी घसा खाकरला.

"नदीकाठचं बरं दिसतंय," ते म्हणाले.

झालं. प्रतिभाबाईंचा उरलासुरला धीर संपला.

"हर्षे, नदीकाठचं कर. पण खोली एकाची कर."

"म्हणजे?"

"जावयाला सांग, अर्धी रीत सांगायचीच राहिली होती. लॉजवर फक्त बाप उतरतो. आई लेकीजवळ झोपती. सायकल तेवढी गॅलरीत काढून ठेव."

"अगं, मी एकटा?" खंडेराव हबकले. "वीस दिवस? तिथली भाषा येती का मला?"

"जावई नव्हता बसला एकटा? त्याला कुणी इथली भाषा शिकवली होती? राहा. लय मानाचं असतं."

हर्षालीनं ओठ घट्ट मिटून घेतले. हसू दाबत होती की रडू, ते मोबाईलवर कळेना. मग तिनं लुकासला जर्मनमध्ये रीतीचा तो राहिलेला अर्धा भाग समजावून सांगितला. तो लक्ष देऊन ऐकत होता, मधेच एक-दोन प्रश्न विचारत होता. त्याचा चेहरा उजळला. त्यानं बाळाला बायकोकडे दिलं, मोबाईलसमोर सरळ उभा राहिला, दोन्ही हात जोडले आणि सासऱ्यापुढे कमरेत वाकून नमस्कार केला.

खंडेरावांना गुलाब खाली ठेवून हात जोडावे लागले. त्याच्याकडे बघणं मात्र त्यांना जमलं नाही.