चार ठोक्यांची मोकळी जागा

डेस हॉर्सफॉलनं रविवारी दुपारी 'फ्लीस' नावाच्या पबमध्ये भेटायला बोलावलं, तेव्हा एडगर क्रॉस्लीनं आधी नाही म्हणायचं ठरवलं होतं. कारणही शोधून ठेवलं होतं, गुडघ्याचं. गुडघा खरोखरच दुखत होता, त्यामुळे खोटं बोलल्याचा दोषही लागला नसता. पण डेस फोनवर म्हणाला, "एक गोष्ट विचारायची आहे आणि ती तुलाच विचारता येईल," आणि एडगर "बरं" म्हणून बसला. फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, आपल्याला विचारण्यासारखं या जगात काय असेल?

एडगरनं टॉडमॉर्डनच्या वाचनालयात बत्तीस वर्षं काढली होती. नोकरीसाठी लिंकनकडून उत्तरेकडच्या या खोऱ्यात आला तो कायमचाच राहिला, पण ओळखी पुस्तकांच्या काउंटरपलीकडे फारशा गेल्या नाहीत. त्याचा एकच नाद होता. 'मिलरेस' नावाच्या बँडवर आणि त्या बँडमधून बाहेर पडलेल्या गिटारवाल्या डेसवर तो दर तीन महिन्यांनी आठ पानांचं पत्रक काढायचा. अडतीस वर्षं काढत होता. वर्गणीदार दोनशेच्या आसपास, त्यातले तिघं नॉर्वेत आणि एक जपानमध्ये.

मिलरेस म्हणजे पाच जणांचा ताफा. विणकरांची, खलाशांची, कापणीची जुनी गाणी घ्यायची आणि त्यांना विजेच्या गिटारीची आणि ड्रमची जोड द्यायची. सात वर्षं धुमाकूळ घातला आणि मग भांडणं होऊन सगळे पाच दिशांना गेले. डेस त्यानंतर एका लाकडी गिटारीवर एकटाच गात राहिला. त्याच्या अकरा रेकॉर्डी निघाल्या. सोळा गाणी अशी होती की ती त्यानं बँडबरोबरही गायली होती आणि पुढे एकट्यानंही. एडगरच्या वहीत डाव्या पानावर मिलरेस होता, उजव्या पानावर एकटा डेस, आणि मधल्या शिवणीवर एडगरची जन्मभराची उलघाल.

सगळ्यात जास्त पानं 'विणकराचा निरोप' या गाण्यानं खाल्ली होती. बँडच्या रेकॉर्डवर त्यात ड्रम हातमागासारखा खटाखट चालायचा आणि वर ताफ्यातल्या कीथचं फिडल, म्हणजे व्हायोलिन, धावायचं. एकट्या डेसच्या रेकॉर्डवर मात्र दर दुसऱ्या ओळीनंतर हात थांबायचा. मोजून चार ठोके काहीच नाही, नुसती तारेची गुणगुण. त्यावर एडगरनं एकोणिसाव्या अंकात लिहिलं होतं, 'निघून गेलेल्या चार सोबत्यांसाठी डेस हॉर्सफॉल आजही चार ठोके जागा सोडतो.' ते वाक्य वर्तमानपत्रांनी उचललं. पुढच्या रेकॉर्डच्या पाठीवरही ते छापलं गेलं. लिहून झाल्यावर ज्याची लाज वाटली नाही, असं एडगरच्या आयुष्यातलं ते एकमेव वाक्य होतं.

फ्लीसच्या माडीवर दर रविवारी दुपारी गाण्याची बैठक भरायची. जिन्याच्या तोंडाशी ती बैठक चालवणारी आयरीन शॅकल्टन उभी होती.

"गाणार की ऐकणार?" तिनं विचारलं.

"ऐकणार," एडगर घाईनं म्हणाला.

"मग खिडकीपाशी बसा राजे. नुसत्या ऐकणाऱ्यांना आम्ही वाऱ्यात बसवतो. तासाभरात सुधारतात."

याच प्रश्नाच्या धास्तीनं तो इतकी वर्षं हा जिना चढला नव्हता. डेसची प्रत्येक रेकॉर्ड त्यानं घरी, कानांवर हेडफोन चढवून, दार लावून ऐकली होती. मोठ्या सभागृहांतल्या चार मैफली तेवढ्या पाहिल्या होत्या, त्याही शेवटच्या रांगेतून.

डेस कोपऱ्यात मांसाची पेस्ट्री आणि वाटाण्याचा लगदा खात बसला होता. तो याच खोऱ्यातला. सतराव्या वर्षी लंडनला गेला, मिलरेसमध्ये शिरला, मग सगळी हयात दक्षिणेत आणि दौऱ्यांवर गेली. आता बहात्तराव्या वर्षी तो परत येऊन बहिणीच्या रिकाम्या घरात राहत होता.

"बस," तो म्हणाला. "वाटाणे खाणार? नको? शहाणा आहेस. ऐक, कीथचा फोन आला होता. मिलरेस पुन्हा उभा करतायत. वसंतात बारा शहरं, सगळी मोठी सभागृहं. पाच वाजता तो पुन्हा फोन करणार, हो की नाही ते ऐकायला."

"अरे वा," एडगर म्हणाला.

"वा नाही. सांग काय करू."

"मी सांगू?"

"मग कोण? आम्ही पाच जणांनी मिळून आम्हाला जेवढं ऐकलं नसेल, तेवढं तू एकट्यानं ऐकलंयस. मी तर माझी एकही रेकॉर्ड शेवटपर्यंत ऐकलेली नाही. मध्येच चहा टाकायला उठतो."

एडगर टोपी हातात फिरवत राहिला. "मी वाचनालयातला माणूस. मला गिटारीची एक तारही लावता येत नाही."

"पण ते वाक्य तूच लिहिलंस ना? सोबत्यांसाठी जागा सोडतो म्हणून? मी ते वाचलं तेव्हा बर्मिंगहॅमला एका जिन्यात उभा होतो. म्हटलं, च्यायला, बरोबर आहे की. मी तिथं का थांबतो ते मलाच माहीत नव्हतं. हात थांबतो, झालं. तू सांगितल्यावर कळलं, मी त्यांची वाट बघतोय." डेसनं ताटली सरकवली. "इतकी वर्षं वाट बघितली आणि आता ते बोलावतायत, तर जायला हवं. हिशेब सरळ आहे. फक्त भानगड अशी आहे की मला जावंसं वाटत नाही."

"का?"

"कीथ अजून मला 'पोरा' म्हणतो. आणि त्या गोंगाटात मला माझी तार ऐकू येत नाही. तेव्हाही यायची नाही. तेव्हा वय होतं म्हणून चाललं."

एका माणसानं एडगरच्या एका वाक्यावर इतकी वर्षं स्वतःला तोललं होतं, आणि ते वाक्य खरं आहे का हे लिहिणाऱ्यानं कुणालाच विचारलं नव्हतं. वाक्य चांगलं झालं होतं, म्हणून ते खरं असेल असं तो धरून चालला होता.

तेवढ्यात आयरीननं टेबलावर थाप मारली आणि खोली गप्प झाली. माइक नव्हता, मंच नव्हता. जो तो आपापल्या खुर्चीवरून उठायचा. बसचा एक निवृत्त ड्रायव्हर हॅरल्ड एका खलाशाच्या बायकोचं गाणं गायला आणि तिसरं कडवं विसरला. ते चौघांनी चार बाजूंनी त्याला सांगितलं, तेही चार प्रकारे. मग आयरीन म्हणाली, "डेस, वर्षभर फुकट ऐकतोयस. आज एक होऊन जाऊ दे."

"हात गार आहेत."

"वाटाणे खाताना नव्हते."

डेसनं गिटार काढली. जाड तार थोडी खाली उतरवली आणि 'विणकराचा निरोप' सुरू केलं. एडगरला ते गाणं रेकॉर्डवरच्या खरखरीसकट पाठ होतं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. हात थांबला. एडगरनं सवयीनं मनातल्या मनात मोजायला घेतलं.

आणि खोली गायली.

कुणी खूण केली नव्हती. दुसऱ्या ओळीचं शेपूट सगळ्यांनी उचललं आणि तीन पट्ट्यांत परत दिलं. खालून हॅरल्डचा जाड आवाज आला, मधून बाकीचे आले, आणि वरून आयरीन, जी एवढं वर जाईल असं तिच्याकडे बघून वाटलं नसतं. बरोबर चार ठोके. चौथा संपता संपता डेसचा अंगठा जाड तारेवर आला, जणू त्याला कुणीतरी वाट करून दिली होती. डेसनं मान वर केली. तो पुढे गात राहिला, पण डोळे खोलीभर फिरत होते. पुन्हा दुसरी ओळ, पुन्हा थांबणं, पुन्हा सगळी खोली.

गाणं संपल्यावर एडगर शेजारच्या बाईला हळूच म्हणाला, "तुम्ही सगळ्यांनी हे कधी बसवलंत?"

"काय बसवलं?"

"ते मधलं. ओळ परत म्हणायचं."

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्यानं चमचा कुठल्या हातात धरायचा असं विचारलं होतं. "बसवायचं काय त्यात? गाणारा थांबला की दुसरी ओळ खोलीची असते. माझे आजोबा चर्चमध्येही तसंच करायचे, पाद्र्याला आवडायचं नाही."

डेस परत येऊन बसला. पाच वाजायला दहा मिनिटं होती. एडगरला कळत होतं की आपण गप्प राहिलो तर काहीच बिघडणार नाही. वाक्य रेकॉर्डच्या पाठीवर तसंच राहील, पत्रक तसंच निघेल, आणि डेस वसंतात बारा शहरं फिरून येईल.

"ते वाक्य चूक आहे," तो म्हणाला.

"कुठलं?"

"एकोणिसाव्या अंकातलं."

"माझ्या रेकॉर्डवर छापलंय ते."

"माहीत आहे. तरी चूक आहे." एडगर तसाच पुढे बोलत गेला. "तू त्यांची वाट बघत नव्हतास. तुझा हात इथं शिकला, सतरा वर्षांचा व्हायच्या आधी. तो खोलीसाठी थांबतो. मिलरेसमध्ये ती जागा ड्रमनं भरून टाकली. पुढे तू सभागृहांत गेलास, तिथं लोक तुझा मान राखून गप्प बसले. आणि मी घरी दार लावून ऐकलं, आणि म्हटलं इथं काहीतरी कमी आहे."

डेसनं खुर्ची पुढे ओढली.

"मी नेहमी असं लिहीत आलो की मिलरेस भरलेला आणि तू अर्धा," एडगर म्हणाला. "मिलरेस चांगलाच होता. ते मी मागे घेत नाही. पण तो इतका भरलेला होता की त्यात दुसऱ्या कुणाला शिरता येत नव्हतं."

"खात्रीनं सांगतोयस?"

"मला खात्री कशाचीच नसते. पण मी मोजलं. चारच ठोके होते, प्रत्येक वेळी."

डेस हसायला लागला. आधी खांदे हलले, मग डोळ्यांत पाणी आलं, ते त्यानं रुमालानं टिपलं आणि रुमालावर वाटाणे लागले असतील म्हणून रुमाल बघितला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो खिडकीशी गेला. एडगरला एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं.

"नाही, कीथ. नाही येत... नाही रे, राग कसला? राग असता तर आलोच असतो, तुला दाखवायला... दुसरा गिटारवाला बघा, माझ्यापेक्षा बरा मिळेल... काय? हो, गातोय. आत्ताच गायलो... एकटा नाही. तीसएक जण असतील..." मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. "फिडल घरात आहे ना? मग ये एखाद्या रविवारी. मंच नाही, खुर्ची आहे. आणि हे बघ, मला पोरा म्हणायचं नाही."

तो परत आला. "काय म्हणाला?" एडगरनं विचारलं.

"गाडी किती वाजता असते म्हणाला."

एडगरनं टोपी टेबलावर ठेवली. "पुढच्या अंकात मला चूक छापावी लागेल. पहिल्या पानावर."

"छाप. पण घाई करू नकोस. सोळातली पंधरा गाणी राहिलीत तुझ्या वहीतली. ती या खोलीत ऐकल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही."

"पंधरा रविवार?"

"तुला दुसरं काम काय आहे?"

काहीच नव्हतं. एडगरनं मनात आठवडे मोजले, तर पंधरावा रविवार एप्रिलच्या शेवटाला येत होता. वर्गणीदार काय म्हणतील याची त्याला काळजी वाटली, विशेषतः जपानच्या माणसाची, तो फार बारकाईनं वाचायचा. आयरीननं पुन्हा टेबलावर थाप मारली. एडगरनं खिशातून पेन काढलं आणि चुकीच्या कबुलीचं पहिलं वाक्य मनातल्या मनात जुळवून पाहिलं. जमलं नाही. दुसरं जुळवलं, तेही फार सजवलेलं वाटलं. मग त्यानं पेन ठेवून दिलं, कारण कुणीतरी गाणं सुरू केलं होतं आणि दुसरी ओळ जवळ येत होती.