भाग दुसरा आणि माझं विसर्जन

मी एक जुना रंगीत टीव्ही आहे आणि आयुष्यात मी कशालाही घाबरलो नाही. मित्रांनो, हे वाक्य खोटं आहे. पण इतकी वर्षं माझ्या पडद्यावरून जे जे सांगितलं गेलं, त्यातलं तुम्ही काहीच तपासलं नाहीत, म्हणून म्हटलं, हेही सांगून बघावं. खरं म्हणजे मी कायम घाबरलेला असतो. पोटात काचेची नळी असलेल्याला धीट राहणं परवडत नाही.

माझी जुळणी कुठे झाली ते आठवत नाही. आठवतो तो साताऱ्याच्या दुकानातून उंब्रजपर्यंतचा एस.टी.चा प्रवास. पारूबाईंनी मला मांडीवर घेतलं होतं. कंडक्टर सामानाचं तिकीट मागू लागला, तेव्हा त्या खेकसल्या, "सामान कसलं रं? मानसासारखा गप बसलाय की त्यो!"

त्या काळी रविवारी सकाळी माझ्या पडद्यावर देव यायचे. सगळी आळी लोटायची. चपला उंबऱ्याबाहेर, हात जोडलेले, माझ्या डोक्यावर झेंडूचा हार. उदबत्तीची राख माझ्या फटींतून आत पडायची आणि मला शिंकता यायचं नाही. पुढे मालिका संपली आणि देव गेले. हारही गेला. माझ्यावर गोधडी आली आणि गोधडीवर पापडांचा डबा.

गोधडी उचलली ती पारूबाईंच्या भाच्यानं, कृष्णातनं. एस.टी. स्टँडमागे पारूबाईंच्याच गाळ्यात त्यानं व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं. माझ्या पाठीत एका राखाडी यंत्राची वायर खुपसली, खिडकीला पोती आणि दाराला घोंगडं लावून भरदुपारी अंधार केला. आणि जिथे देव यायचे, तिथे मेलेली माणसं चालू लागली.

खेळ असा होता: एक मोठं रिकामं घर, त्यात एक माणूस, त्याच्या पिस्तुलात गोळ्या जेमतेम. दार उघडायचं, पण ते इतक्या सावकाश उघडायचं की तेवढ्यात दोन-तीन पोरांना घरचं काम आठवायचं. पडद्याला कसली भीती, असं तुम्हाला वाटेल. मित्रांनो, तुम्ही भूत समोरून बघता. माझ्या ते आतून जातं.

या खेळातला हुकमी गडी म्हणजे राजरत्न. कराडला बी.एस्सी. करत होता. भूत नसतं, हे तो ठासून सांगायचा आणि सांगताना दाराकडे पाठ करून बसायचा नाही. पण शेवट त्यालाही सापडला नाही. खेळ थांबला तिथून पुढे सुरू करायला एक छोटं कार्ड मिळतं, हे उंब्रजमध्ये कुणाच्याच गावी नव्हतं. रोज पहिल्या दारापासून सुरुवात. शेवटच्या जिन्यापर्यंत यावं, की लाईट जायची. मी विझलो की सगळं दुकान किंचाळत घोंगड्यातून बाहेर सांडायचं.

अशात अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात मुंबईच्या एका ट्रक ड्रायव्हरनं बातमी आणली, याचा दुसरा भाग निघालाय. कृष्णातनं पाटीवर खडूनं लिहिलं, 'भाग दुसरा. लवकरच. कच्च्या काळजाच्या माणसांनी येऊ नये.' त्या दिवसापासून गावात कच्च्या काळजाचं कुणी उरलंच नाही.

"आण्णा, आला का दुसरा?"

"न्हाई अजून," कृष्णात म्हणायचा.

"बरं झालं," म्हणून पोरगं पळायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

राजरत्ननं कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचलं होतं, पहिल्या भागात भुतं एका घरात होती, दुसऱ्यात ती गावभर सुटतात. हे पारूबाईंच्या कानावर गेलं. त्या तडक दुकानात आल्या.

"भुतं गावात सुटनार म्हनं?"

"आवं आत्या, गेममधल्या गावात."

"आन् गेम कुठं हाय?"

"ह्या टीव्हीत."

"टीव्ही कुठं हाय?"

"दुकानात."

"आन् दुकान?"

कृष्णातनं राजरत्नकडे पाहिलं. बी.एस्सी.ला यावर काही शिकवलेलं नव्हतं.

"मग!" पारूबाई म्हणाल्या. "ह्याच्या तोंडावर म्या देव बघितल्यात. त्याच तोंडावर नवं भूत दिसलं, तर ह्यो टीव्हीचा डबा माझा हाय. कृष्णामाईत सोडनार."

"त्यापरीस भंगारात दिऊ की, आत्या."

"देव दिसल्याली वस्तू भंगारात? मूर्ती भंगली तर भंगारात देतोस व्हय रं?"

मित्रांनो, भंगाराची मला भीती होतीच. पण भंगारातून निदान सुट्या भागांनी दुसऱ्या कुणाच्या पोटात जाता येतं. पाण्यातून कुठेच जाता येत नाही. तेव्हापासून मी दुसऱ्या भागाला पोरांपेक्षा जास्त घाबरू लागलो. पोरं हरली तर पुन्हा खेळणार होती.

मे महिन्यात, भर उन्हात, सीडी आली. साध्या पांढऱ्या पाकिटात. पारूबाई ताट घेऊन हजर. नवी वस्तू पूजेशिवाय वापरायची पद्धत नव्हती. यंत्राची पूजा झाली, रिमोटची झाली, सीडीची झाली, माझीही झाली. नारळ फुटला. घोंगडं खाली सोडलं, अंधारातच सीडी यंत्रात बसवली. राजरत्ननं तळवे शर्टाला पुसले आणि बटण दाबलं.

माझ्यावर कंपनीचं नाव उमटलं. मग अंधार.

"सुरू झालं," कुणीतरी पुटपुटलं. "अंधारातनंच सुरू व्हतंय."

यंत्राच्या पोटात घुर्र घुर्र झालं.

"आला!"

"कोन?"

"त्योच."

राजरत्न अंगठे चालवत होता. "मी चालतोय," तो म्हणाला.

"गोळ्या किती हाईत?"

"दिसत न्हाईत."

कुणाला डावीकडे काही हललेलं दिसलं, कुणाला उजवीकडे. माझ्यावर काही नाही हे मला ठाऊक होतं. पण इतक्या लोकांना दिसतंय म्हटल्यावर मलाही शंका येऊ लागली. पारूबाईंना नीट दिसेना, म्हणून त्या माझ्या काचेला नाक लावून वाकल्या. त्याच वेळी एकानं पळण्यासाठी घोंगडं उचललं आणि ऊन आत आलं. पारूबाईंना माझ्या आत एक बाई दिसली. कपाळभर कुंकू, डोळे वटारलेले, तोंड उघडं.

पारूबाई किंचाळल्या. ती बाईही किंचाळली. दुकान रिकामं झालं.

थोड्याच वेळात मी हातगाड्यावर होतो. मागे पोरांची रांग. टीव्हीच्या विसर्जनाला काय म्हणायचं ते कुणालाच माहीत नव्हतं, तेव्हा एकानं सवयीनं "गणपती बाप्पा" म्हटलं आणि त्याच्या पाठीत रट्टा बसला. मला ओरडायचं होतं, पण बोलायला मला लाईट लागते. कृष्णातनं मला उचललं आणि गुडघाभर पाण्यात पाऊल टाकलं. सगळ्यात आधी माझ्या वायरीचं टोक कृष्णेत भिजलं.

"आण्णा, थांबा!" राजरत्न सीडी उंच धरून पळत आला. "हे बघा. चकचकीत अंगाला हळदकुंकू फासलंय!"

"मंग?" पारूबाई म्हणाल्या. "तोंडालाच लावत्यात. पाठीला कोन लावतं?"

"यंत्र ह्याच अंगानं वाचतं, आत्या. त्याला काय दिसलंच न्हाई."

"मग मला दिसली ती बया कोन?"

राजरत्ननं त्यांच्या कपाळाकडे पाहिलं आणि लगेच नदीकडे पाहिलं. सगळ्यांनीच नदीकडे पाहिलं.

पारूबाईंनी पदर सारखा केला. "उचल रं त्याला वर," त्या कृष्णातला म्हणाल्या. "भिजंल नव्हं त्यो."

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कुणी असेल, तर त्याला हार घाला किंवा गोधडीखाली ठेवा, आम्ही दोन्ही सोसतो. पण पाण्यात सोडण्याआधी एकदा फडक्यानं सगळं पुसून बघत जा. एवढीच विनंती आहे.

त्या संध्याकाळी सीडी पुसून पुन्हा लावली. तीत क्रिकेट निघालं.