जवेरियाचं डिक्टेशन

काकांचा फोन आला तेव्हा मैथिली जवेरियाला 'तुबो' लिहायला सांगत होती.

कुवेतच्या सबाह अल-सालेम भागातल्या त्या फ्लॅटवर ती दर सोमवारी आणि गुरुवारी दुपारी शिकवायला यायची. जवेरिया सातवीत होती. इंग्रजी शाळेत फ्रेंचच्या वर्गात जागा उरली नाही म्हणून तिच्या वाट्याला स्पॅनिश आलं होतं, आणि रविवारी डिक्टेशनची परीक्षा होती. स्पॅनिशमध्ये बी आणि व्ही या दोन्ही अक्षरांचा उच्चार एकच. एच तर मुकाच. तुबो बीने लिहिला तर नळ, व्हीने लिहिला तर 'त्याच्याकडे होतं'. 'ओला' एचने सुरू केला तर नमस्कार, नाहीतर लाट. नुसत्या कानावर विसंबू नकोस, शेजारी कोणते शब्द आलेत ते बघ, असं मैथिली तिला महिनाभर सांगत होती.

शत्रुघ्नकाकांनी घोळवलं नाही. "आबा गेले गो. जेवान पडवीत आडवे झाले, ते उठाकच नाय."

मैथिलीने कधी, कसं, डॉक्टर आले होते का, असं जे विचारायचं असतं ते विचारलं. काकांनी सगळ्याची उत्तरं दिली आणि मग थांबून म्हणाले, "तू कदी पोचतलस ता सांग. तू सांगल्याशिवाय आबांका उचलूचा नाय."

गावात तशी रीतच होती. एकुलतं एक मूल परगावी असलं तर त्याच्या तोंडून शब्द येईपर्यंत गेलेल्या आईबापाला हलवत नाहीत. मग ते मूल मुंबईत असो की आखातात. तालुक्याहून बर्फाची पेटी मागवता येईल, काका म्हणाले. मे महिना होता, वीज जायची, पण बघू.

पासपोर्ट मैथिलीकडे नव्हता. गणपतीच्या रजेची तिकिटं कुवेतमधली कोकणी माणसं मे महिन्यातच काढतात. तिच्या पासपोर्टची मुदत नोव्हेंबरपर्यंतच होती, आणि परत येताना सहा महिने शिल्लक लागतात. म्हणून इमारतीतल्या चार गाववाल्यांबरोबर तिनेही मंगळवारी पासपोर्ट नूतनीकरणाला देऊन टाकला होता. ऐन वेळी धावाधाव नको म्हणून आबांनीच तीनदा आठवण करून दिली होती. आज गुरुवार. कचेऱ्या दुपारीच बंद झाल्या होत्या, शुक्रवार-शनिवार सुट्टी, त्या उघडणार थेट रविवारी.

जवेरियाची आई खतिजा चहा घेऊन आली आणि मैथिलीचा चेहरा बघून ट्रे तिथेच जमिनीवर ठेवून बसली. ती रत्नागिरीकडची. तिला फार सांगावं लागलं नाही. तिने जहरा भागात कामावर असलेल्या नवऱ्याला फोन लावला. अबरारभाई दहा वर्षं कंपनीच्या लोकांचे कागद करत होते, त्यांच्या ओळखी होत्या. अर्ध्या तासात कळवतो, म्हणाले.

"जवेरिया, आत जा तू," खतिजा म्हणाली.

"राहू दे तिला," मैथिली म्हणाली. "पुढचा शब्द घेऊ."

अर्धा तास नुसतं बसून काढणं तिला जमलं नसतं. तिने वाक्य सांगितलं, मुलीने लिहिलं. गाडीच्या टपावरची बाका म्हणजे कॅरियर आणि गोठ्यातली बाका म्हणजे गाय. शिजवलेलं आणि शिवलेलं. चौथ्या की पाचव्या वाक्याला जवेरियाने वही पुढे केली. मैथिलीने लाल पेन उघडलं आणि तिला कळेना की समोरचा शब्द बरोबर आहे की चूक. अकरा वर्षं ती हेच शिकवत होती. तिने शब्द मनात म्हणून पाहिला, अर्थातच काही उपयोग झाला नाही.

"मिस, इज इट राँग?"

"पुस्तकात बघ बाळा. मला आत्ता आठवत नाही."

जवेरियाने पुस्तक न उघडता आईकडे पाहिलं.

अबरारभाईंचा फोन आला. ते खतिजाशी बोलले नाहीत, मैथिलीला फोन द्यायला सांगितलं. तिघांना विचारलं होतं. रविवारी अर्ज घेतील, प्रवासाचा तातडीचा कागद सोमवारी मिळेल. मिळेल असं म्हणतात, ताई, मी खात्री कशी देऊ? म्हणजे गावी पोचायला मंगळवार. ते पुन्हा पुन्हा माफ करा म्हणत राहिले, जणू त्यांनीच कचेऱ्यांना कुलपं लावली होती.

सव्वाचार झाले होते. गावी पावणेसात. अंधार पडल्यावर नेत नाहीत, म्हणजे सकाळपर्यंत गोष्ट गेली, आणि सकाळी तिला पुन्हा तोच प्रश्न विचारला गेला असता. तिला पाच दिवसांची ती पेटी दिसली, वीज गेल्यावर बर्फासाठी धावणारी माणसं दिसली. आबांना कुणाला आपल्यासाठी खोळंबून ठेवायला आवडायचं नाही. पण हे कारण तिने स्वतःला दिलं, काकांना दिलं नाही. फोन लावून ती म्हणाली, "काका, माझ्यासाठी थांबू नका. न्या त्यांना."

"नक्की मगे?"

"नक्की."

"अग्नी?"

"तुम्ही द्या."

तयारी झालेलीच असावी; काकांनी बरं म्हटलं आणि फोन न कापताच खिशात टाकला असावा. कापड घासल्याचा आवाज येत राहिला. कुणीतरी डावी बाजू जरा खाली घ्या म्हणालं. मग पुष्कळ पावलं, चिऱ्यांच्या पायऱ्यांवरून उतरणारी. मैथिलीने फोन कानाला घट्ट धरला. आता फाटक, आता आंब्याखालचा उतार, ती मोजत गेली. खतिजाने तिचा दुसरा हात हातात घेतला होता. वहाळाचं पाणी ओलांडलं की पलीकडे स्मशानात रेंज नसते हे तिला ठाऊक होतं. पाण्यात पावलं पडल्याचा आवाज आला, एक, दोन, मग बऱ्याच जणांची, आणि फोन बंद झाला.