उजवा कान

गॅरेजात बाबांना सगळे कानसेन म्हणत. गाडी फाटकातून आत येतानाच ते हातातला पाना खाली न ठेवता सांगायचे, "पट्टा सैल झालाय," नाहीतर, "तिसऱ्या सिलिंडरची बोंब आहे." मग बॉनेट उघडायचं ते नुसतं खात्री करायला.

घरचा सीडी प्लेअर आठवड्यापूर्वी गेला. डिस्क गिळायचा, दोन गिरक्या मारायचा आणि 'डिस्क नाही' असं दाखवून गप्प बसायचा. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर मात्र ठणठणीत होते. त्यामुळे नुसता प्लेअर हवा होता, तोही खिशाला परवडेल असा. शनिवारी मुलीला छापखान्यातून अर्धी सुट्टी होती. तिच्या स्कूटरवर मागे बसून ते साडेअकराला दुकानात पोचले.

दुकानदाराने काउंटरवर तीन प्लेअर मांडले. "हा नवा, साधा. हा जुना, पण एके काळचा भारीतला. आणि हा डीव्हीडीवाला. सीडीही वाजवतो, सगळ्यांत स्वस्त."

"भारीतलाच घेऊ या ना, बाबा," मुलगी म्हणाली.

"जुन्याची लेन्स किती दिवस टिकेल, त्याची हमी मी देत नाही," दुकानदार म्हणाला. "उगाच खोटं कशाला बोलू?"

"ऐकल्याशिवाय मी काहीच घेत नाही." बाबांनी पिशवीतून स्वतःची डिस्क काढली. पाठ झालेली डिस्क होती ती. डावीकडून पियानो, उजवीकडून व्हायोलिन. त्यांनी हेडफोन चढवले आणि डोळे मिटले.

नव्या प्लेअरवर मिनिटभरातच त्यांच्या कपाळाला आठी पडली. "उजवी बाजू मेलेली आहे याची. व्हायोलिन कुठेय?"

दुकानदाराने स्वतः ऐकलं. हेडफोन परत बाबांच्या हातात दिले. त्याने जुना प्लेअर जोडला.

"याचीही तीच गत."

डीव्हीडीवाला जोडला. "तुम्ही काय भंगार गोळा करून ठेवलंय हो? तिन्हींची उजवी बाजू गेलेली?"

मुलीने हेडफोन मागून घेतले. पियानो स्वच्छ होता, व्हायोलिनही स्वच्छ होतं. तिने दुकानदाराकडे पाहिलं, तर तो काउंटरवरची धूळ पुसायला लागला होता.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "मला तर दोन्हीकडून येतंय."

"आण इकडे."

जन्मभर बिघाड शोधायची त्यांची एकच रीत होती. दोन सुटे भाग अदलाबदल करायचे आणि दोष कुठे जातो ते बघायचं. त्यांनी हेडफोन उलटे घातले. व्हायोलिन लख्ख ऐकू आलं आणि पियानो नाहीसा झाला. पुन्हा सुलटे घातले. पुन्हा उलटे.

हेडफोन काढून त्यांनी काउंटरवर ठेवले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. मुलीला वाटलं, आता बाबांना खुर्ची द्यावी लागणार. पण त्यांनी एकदम विचारलं, "किती वाजले?"

"बारा वाजून पाच मिनिटं. का?"

"सकाळी व्हॅनवाली आली होती."

व्हॅनवाली म्हणजे शाळेच्या मुलांची ने-आण करणारी बाई, बारा वर्षांपासूनची गिऱ्हाईक. पुढच्या उजव्या चाकातून घरघर येते, वळणावर वाढते, असं तिचं म्हणणं होतं. बाबांनी तिच्या सीटवर बसून, काच खाली करून एक फेरी मारली होती. चाक बरोबर उजव्या कानाखाली. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. "टायरचा आवाज आहे, खुशाल चालवा," असं सांगून, जॅकसुद्धा न लावता, त्यांनी तिला वाटेला लावलं होतं.

"बेअरिंग गेलं असणार," ते म्हणाले. "चाक निखळेल. फोन लाव तिला."

मुलीने लावला. रिंग वाजत राहिली. परत लावला.

"गाडी चालवताना ती उचलत नाही," बाबा म्हणाले. "शाळा साडेबाराला सुटते. चल!"

वाटेत दोन सिग्नल लागले. दुसऱ्यापाशी बाबा मागून म्हणाले, "अगं, पिवळा होता, घालायचीस ना," आणि लगेच, "नको, नीट चालव." त्यांची बोटं तिच्या खांद्यात रुतली होती.

शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा व्हॅनचं इंजिन सुरू होतं. आत दहा-अकरा मुलं कोंबलेली, दप्तरं खिडकीला टेकलेली. गाडी हलली, तसे बाबा स्कूटर थांबायच्या आत उतरले, धडपडले आणि दोन्ही हात पसरून व्हॅनसमोर उभे राहिले.

करकचून ब्रेक लागला. मुलं किंचाळली.

"जीव द्यायचाय का?" व्हॅनवाली ओरडली आणि मग तिने ओळखलं. "तुम्ही?"

"मुलांना खाली उतरवा."

"सकाळी तर म्हणालात, काही नाही म्हणून!"

भोवती पालक जमले होते. बाबांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं. "मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. मला ते आत्ता कळलं. सकाळी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं."

व्हॅनवालीने इंजिन बंद केलं आणि एकेका मुलाला उतरवलं. बाबांनी गाडीतलाच जॅक लावला, चाक वर उचललं, वरून-खालून धरून हलवलं. चाक त्यांच्या हातात किडलेल्या दातासारखं डुललं. तिने वाकून स्वतः हलवून पाहिलं आणि मटकन फुटपाथवर बसली.

"पुलावरून उतरते मी रोज," ती म्हणाली. "उतारावर."

"माहितेय."

"तुमच्या शब्दावर उतरते."

मुलं पालकांनी आणि दुसऱ्या व्हॅननी वाटून नेली. बाबांनी गॅरेजातून हत्यारं आणि नवं बेअरिंग मागवलं आणि तिथेच रस्त्यावर बसून संध्याकाळपर्यंत ते बदललं. व्हॅनवाली शेजारी उभी राहून प्रत्येक नट घट्ट होताना बघत होती. पैसे घ्यायला त्यांनी नकार दिला, तेव्हा ती फटकारून म्हणाली, "पैसे घ्या. आणि कान दाखवा आधी."

सोमवारी डॉक्टरांनी सांगितलं, शीर सुकत आलीय, गॅरेजच्या आवाजाने. गेलेलं परत येणार नाही, डावा तरी जपा. मंगळवारी बाबांनी गिऱ्हाइकांना एकेक करून स्वतःच सांगायला सुरुवात केली. दोघंजण गाड्या घेऊन दुसरीकडे गेले.

प्लेअर पुढच्या शनिवारी आणला. नवा, साधा. मुलीने निवडला. बाबांनी फक्त ट्रे चार वेळा आत-बाहेर करून पाहिला. घरी वायरी जोडून झाल्यावर ते आपली डिस्क लावून खुर्चीत बसले. मुलगी नेहमीसारखी त्यांच्या उजवीकडे बसायला गेली.

"तिकडे नको," ते म्हणाले. "या बाजूला ये. मधेच काही बोललीस तर कळायला हवं."

ती उठून डावीकडे जाऊन बसली आणि छापखान्यात साहेबांनी केलेली चूक सांगायला लागली. डिस्क संपेपर्यंत ती बोलतच होती. एरवी बाबांनी तिला दटावलं असतं.